हॅम रेडिओच्या लायसन्ससाठी प्रॅक्टिकल परीक्षा हवी का?

हॅम रेडिओचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. कोणीतरी डोंगरावर तार बांधून बसलंय आणि छोट्याशा सेटवरून जपानमधल्या माणसाशी बोलतंय. ना सिम, ना इंटरनेट, ना टॉवर. हे बघून आपल्यालाही करावंसं वाटतं. मग शोधाशोध केल्यावर कळतं, यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि लायसन्स घ्यावं लागतं.

गंमत अशी की ही परीक्षा पास होईपर्यंत तुम्ही प्रत्यक्ष रेडिओला हात लावलेला असेलच असं नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ग्रेडला फक्त लेखी पेपर आहे, अमेरिकेतही तसंच. ब्रिटनमध्ये मात्र बरीच वर्षं प्रॅक्टिकल होती, २०२० मध्ये ती थांबली. तेव्हापासून जगभरच्या हॅम लोकांत एक वाद कायम चालू आहे: हात न लावता मिळालेलं लायसन्स खरं का? की प्रॅक्टिकल म्हणजे उगाच एक अडथळा?

आधी थोडक्यात: हॅम रेडिओ म्हणजे काय?

हॅम रेडिओ किंवा ॲमॅच्युअर रेडिओ म्हणजे हौशी लोकांसाठी राखून ठेवलेल्या रेडिओ लहरी. पैसे कमावण्यासाठी नाही, तर शिकण्यासाठी, प्रयोग करण्यासाठी, एकमेकांशी बोलण्यासाठी. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा त्यातला एक लोकप्रिय पट्टा. हातात मावणारे सेट बहुतेक इथेच चालतात. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास मात्र लांब तार लागते, पण तिथून शेकडो-हजारो किलोमीटरवर बोलता येतं.

मोबाइल आणि हॅम सेट यांत एक मोठा फरक आहे. मोबाइलमध्ये कुठल्या लहरीवर, किती ताकदीने बोलायचं हे टॉवर ठरवतो. हॅम सेटमध्ये ते सगळं तुम्ही ठरवता. चुकीचं बटण दाबलं तर तुमचा आवाज भलत्याच्याच कामात घुसू शकतो, पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरींवरसुद्धा. म्हणून परीक्षा आहे. आणि म्हणूनच ऑनलाइन मिळणारा स्वस्त सेट घेऊन लायसन्सशिवाय बोलणं हा गुन्हा आहे. वॉकी-टॉकी अशा सरसकट विकल्या जाऊ नयेत म्हणून २०२५ मध्ये ई-कॉमर्स साइट्ससाठी सरकारने वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

भारतात परीक्षेत काय विचारतात?

आपल्याकडे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा ही परीक्षा घेते. १९७८ चे नियम आणि त्यात नंतर झालेले बदल, यांनुसार दोन ग्रेड आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. वयाची अट किमान १२ वर्षं, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. पेपरात दोन भाग असतात, एक रेडिओच्या तांत्रिक माहितीचा आणि एक नियमांचा.

रिस्ट्रिक्टेडला एवढंच. पास झालात की पुढे लायसन्स घेऊन व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. जनरलचा कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होतो, पण त्यासाठी लेखीबरोबर मोर्स कोडची परीक्षा आहे: मिनिटाला ८ शब्द या वेगाने घ्यायचं आणि पाठवायचं. शब्द म्हणजे ५ अक्षरं धरतात, म्हणजे मिनिटाला ४० अक्षरं. उतारा ५ मिनिटांचा, म्हणजे २०० अक्षरं. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास.

म्हणजे आपल्याकडे प्रॅक्टिकल अजिबात नाही असं म्हणता येत नाही. आहे, पण ती एकाच कौशल्याची. डिट-डा ऐकून अक्षरं लिहिता येतात का, हे बघतात. अँटेना जोडता येते का, सेट नीट लावता येतो का, माइकवर शिस्तीत बोलता येतं का, हे कोणीच बघत नाही. (२०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर नियमांची फेरमांडणी चालू आहे, त्यामुळे अर्ज करण्याआधी सरल संचार पोर्टलवर सध्याची अट वाचून घ्याच.)

मोर्सचा इतिहास का माहीत हवा?

कारण प्रॅक्टिकलचा हा वाद जग एकदा लढून झालंय, मोर्सच्या नावाने.

३० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी देशाच्या सीमा ओलांडून जातात. त्या वापरायच्या तर मोर्स यायलाच हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. जहाजं, लष्कर, तारखातं सगळे मोर्स वापरायचे, तेव्हा त्यात अर्थ होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ही सक्ती काढली गेली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोडला. ब्रिटनने त्याच वर्षी सक्ती सोडली, अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये.

तेव्हा जुने लोक म्हणत होते की आता कोणीही सोम्यागोम्या येणार आणि लहरींचा बाजार होणार. तसं काही झालं नाही. उलट मोर्स आजही जोरात आहे, आता आवडीने शिकतात एवढाच फरक. कारण साधं आहे: मोर्सचे सिग्नल फार कमी ताकदीत, खूप गोंगाटातही ओळखू येतात. ५ वॉटचा सेट घेऊन डोंगरावर गेलेला माणूस तेच वापरतो.

पण यातून “प्रॅक्टिकल म्हणजे निरुपयोगी” असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. मोर्सची सक्ती गेली, कारण ती चुकीच्या गोष्टीची चाचणी झाली होती. माणूस सुरक्षितपणे स्टेशन चालवू शकतो का, हे त्यातून कळतच नव्हतं. आंतरराष्ट्रीय नियमात आजही वाक्य असं आहे की प्रत्येक देशाने अर्जदाराची तांत्रिक आणि ‘चालवण्याची’ अशी दोन्ही पात्रता तपासावी. तिथेच ज्या मार्गदर्शक शिफारशीकडे बोट दाखवलंय, ती मात्र फक्त ‘सैद्धांतिक ज्ञान’ दाखवायला सांगते. सगळा वाद या दोन शब्दांच्या फटीत बसलेला आहे.

ब्रिटनची प्रॅक्टिकल कशी होती?

हा भाग जरा नीट बघूया, कारण प्रॅक्टिकल खरोखर राबवलेल्या देशांपैकी हे चांगलं उदाहरण आहे.

२००२ मध्ये ब्रिटनने फाउंडेशन नावाचं पहिल्या पायरीचं लायसन्स सुरू केलं. ताकदीची मर्यादा फक्त १० वॉट. लेखी परीक्षा सोपी: २६ प्रश्न, १९ बरोबर आले की पास. पण त्याआधी स्थानिक क्लबमध्ये काही गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवायच्या. सेटला अँटेना आणि वीजपुरवठा नीट जोडायचा. रिसीव्हर फिरवून स्टेशन पकडायचं. देखरेखीखाली खऱ्या माणसाशी खरा संपर्क करायचा. अँटेनाची लांबी बदलली की मीटरचा काटा कसा हलतो ते बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत थोडा मोर्सही होता, पण समोर तक्ता ठेवून. वेगाची भानगड नाही, नुसती ओळख.

पुढच्या इंटरमीजिएट पायरीला सोल्डरिंग होतं. छोटं सर्किट स्वतः बनवायचं, केबलला कनेक्टर लावायचा, मीटरने व्होल्टेज आणि करंट मोजायचा.

आता महत्त्वाचा मुद्दा. या प्रॅक्टिकलमध्ये नापास कोण होत होतं? जवळजवळ कोणीच नाही. जमलं नाही तर शिकवणारा म्हणायचा, पुन्हा कर. जमेपर्यंत. नाव परीक्षेचं, पण खरं तर ते शिकवणंच होतं.

मग २०२० आला. लॉकडाउनमध्ये क्लब बंद. तिथल्या राष्ट्रीय संस्थेने, आरएसजीबीने, एप्रिल २०२० पासून फाउंडेशनची परीक्षा घरबसल्या, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली सुरू केली आणि प्रॅक्टिकल बाजूला ठेवली. घरात अडकलेल्या बऱ्याच लोकांनी तेव्हा पहिल्यांदा लायसन्स काढलं. ज्यांच्या गावात क्लब नव्हता, ज्यांना अपंगत्वामुळे बाहेर पडणं अवघड होतं, त्यांच्यासाठी दार उघडलं. आजही ही परीक्षा घरून देता येते. आणि विशेष म्हणजे २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, फाउंडेशनची मर्यादा १० वरून २५ वॉट केली. म्हणजे प्रॅक्टिकल गेल्यावर सरकारला धोका वाढल्यासारखा वाटला असता तर ताकद वाढवून दिली नसती.

बाजू पहिली: पेपरात काय कळत नाही?

एक साधा प्रश्न घ्या. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची डायपोल अँटेना किती लांब? १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २० मीटर. दोन्ही बाजूंना १०-१० मीटर तार. पेपरात बरोबर खूण केली, मार्क मिळाले.

आता तीच तार गच्चीवर बांधा. शेजारी पत्र्याचं शेड आहे, खाली लोखंडी ग्रिल आहे, पाण्याची टाकी मध्ये येते. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर ३ दाखवतोय. म्हणजे सेटमधून निघालेल्या ताकदीचा चौथा हिस्सा अँटेनाकडून परत येतोय. अशा वेळी माहीत असावं लागतं की तार आधी थोडी जास्तच ठेवायची आणि मग बोटभर-बोटभर कापत आणायची, कारण कापलेली तार वाढत नाही. हे पाठ करून येत नाही. एकदा हाताने केलं की आयुष्यभर विसरत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. अँटेनाची तार विजेच्या तारांच्या आसपास टाकायची नाही, हे पुस्तकात एक ओळ असते. पण वाऱ्याने हेलकावणारी २० मीटर तार दोरीने ओढताना ती कुठे जाऊन पडू शकते, हे गच्चीवर उभं राहिल्यावरच कळतं. इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. अँटेना न जोडता बटण दाबलं तर सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो, तेही पहिल्या दिवशी घडतं ते याचमुळे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. बोलण्याआधी ऐकायचं. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. दोन जण बोलत असतील तर मध्ये घुसायचं नाही. कॉलसाइन स्पष्ट सांगायचा. नवीन माणसाची खरी भीती इथेच असते, ज्याला हॅम लोक ‘माइक फ्राइट’ म्हणतात. पेपरात शंभर टक्के मिळवलेला मुलगा माइक हातात आल्यावर गप्प होतो आणि महिनोन्‌महिने गप्पच राहतो. लायसन्स फाइलमध्ये, सेट कपाटात.

त्यात प्रश्नसंचाचा मुद्दा आलाच. अमेरिकेत पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ आले की पास. हे प्रश्न चारशेहून अधिक प्रश्नांच्या संचातून येतात आणि तो संच उत्तरांसकट सगळ्यांसाठी खुला आहे. ॲपवर पंधरवडाभर घोकलं की काम झालं. आपल्याला हे नवीन नाही. गाईड पाठ करून पास होणं आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत?

बाजू दुसरी: मग प्रॅक्टिकल सक्तीची करावी का?

इथे बारावीची प्रॅक्टिकल आठवा. जर्नल पूर्ण आहे, एक्स्टर्नल सर आलेत, प्रयोग चिठ्ठीने ठरला, रीडिंग आधीच माहीत आहेत. तीसपैकी अठ्ठावीस. त्यातून किती जणांना खरंच मीटर वापरता आला? किंवा आरटीओत दुचाकीवर काढलेला आठचा आकडा घ्या. तो नीट काढला म्हणून घाटात ट्रकमागे गाडी चालवता येतेच असं नाही. प्रॅक्टिकल सक्तीची केली की ती हळूहळू ठरलेल्या चार हालचालींवर येते, आणि मग त्या चार हालचालींचेही क्लास निघतात.

शिवाय ती घेणार कोण? आपल्याकडे लेखीसाठीच मुंबई, नागपूरसारख्या शहरांतल्या केंद्रांवर जावं लागतं. सावंतवाडीच्या मुलाला मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्यात सेट, अँटेना, परीक्षक आणि प्रत्येकाला अर्धा तास असं सगळं जोडलं तर तारखा मिळायलाच वर्ष जाईल. ब्रिटनमध्ये हे चाललं, कारण गावोगावी क्लब होते आणि तिथले स्वयंसेवक संध्याकाळचा वेळ देत होते. आपल्याकडे बऱ्याच जिल्ह्यांत असा क्लबच नाही. तिथे सक्तीची प्रॅक्टिकल म्हणजे शहरातल्या मुलांना लायसन्स आणि बाकीच्यांना नमस्कार.

आणखी एक गोष्ट. प्रॅक्टिकल नसल्यामुळे अमेरिकेत गोंधळ माजलाय असं दिसत नाही. तिथे नियम वेगळ्या जागी मदत करतो: लायसन्सधारक शेजारी बसून सेटवर नियंत्रण ठेवत असेल तर बिनलायसन्सचा माणूसही माइकवर बोलू शकतो. म्हणजे शिकणं परीक्षेच्या आधीच सुरू होतं. नवख्याला हाताला धरून शिकवणाऱ्या अनुभवी हॅमला तिथे ‘एल्मर’ म्हणतात. (भारतातही हे चालतं असं गृहीत धरून मित्राच्या सेटवर बोलायला जाऊ नका.)

आपत्तीत काय उपयोगी पडलं?

“आपत्तीत हॅम लागतात, म्हणून परीक्षा कडक हवी,” असं नेहमी म्हटलं जातं. म्हणून अंदमानचं उदाहरण बघूया.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम लोकांचा एक गट खास परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेला होता. उद्देश हौसेचाच: अंदमानहून हॅम प्रक्षेपण फार दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क करायला धडपडत होते. २६ तारखेला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. या गटाने हौसेचं काम बाजूला ठेवलं आणि त्याच सेटवरून निरोप, चौकश्या, खुशाली पाठवायला सुरुवात केली.

ते जमलं, कारण सेट चालू होते, अँटेना उभ्या होत्या आणि माणसं आदल्या दिवसापर्यंत रोज शेकडो लोकांशी बोलत होती. एका दुपारी दिलेल्या प्रॅक्टिकलने ही तयारी येत नाही. सरावाने येते. माझं मत इथेच पक्कं होतं: प्रॅक्टिकल हवी, पण दारावरचा वॉचमन म्हणून नको. लेखी पास झालेल्याला कमी ताकदीचं लायसन्स लगेच द्यावं, अगदी गाडीच्या लर्निंग लायसन्ससारखं, आणि पुढची पायरी देताना त्याने केलेल्या संपर्कांची नोंदवही आणि एखाद्या अनुभवी हॅमची सही बघावी. जनरल ग्रेडला आज मोर्स जिथे आहे, तिथे हे बसू शकतं. मोर्स ज्याला आवडेल तो शिकेलच.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

लेखी पास झाल्यावर सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर लगेच बोलता येत नाही. स्टेशनचं लायसन्स आणि कॉलसाइन येईपर्यंत थांबावं लागतं. हाच काळ स्वतःची प्रॅक्टिकल करण्याचा.

फोनवर ब्राउझर उघडा आणि वेबएसडीआर शोधा. दुसऱ्या कोणीतरी लावलेला खरा रेडिओ इंटरनेटवरून तुम्ही फिरवू शकता. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा प्रसिद्ध आहे. १४ मेगाहर्ट्झच्या आसपास जा आणि यूएसबी मोड लावा (चार्जिंगची यूएसबी नव्हे, अप्पर साइडबँड). ७ मेगाहर्ट्झवर मात्र एलएसबी लावायचा. उलटं लावलंत तर माणसं बदकासारखी बोलताना ऐकू येतील, आणि हा फरक मग कधी विसरणार नाही. ऐकलेले कॉलसाइन, वेळ आणि लहर वहीत लिहा. आठवडाभरात संभाषणाचा साचा कानात बसतो.

स्वतःचं नाव आंतरराष्ट्रीय अक्षरपद्धतीत मोठ्याने म्हणून बघा: ‘स’साठी सिएरा, ‘र’साठी रोमिओ, ‘म’साठी माइक. घरचे हसतील, हसू द्या. माइक फ्राइट यानेच जाते.

थोडे पैसे असतील तर सोल्डरिंग गन, केबल आणि दोन कनेक्टर आणा आणि खराब होईपर्यंत लावा-काढा. अँटेना तपासायला नॅनोव्हीएनए नावाचं छोटं उपकरण काही हजारांत मिळतं. दोन-तीन मित्रांत एक पुरतं. सेट आल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल ते डमी लोडवर. तो अँटेनाच्या जागी लावायचा रोधक असतो, सगळी ताकद त्यातच उष्णता होऊन जाते आणि बाहेर जवळजवळ काहीच जात नाही.

आणि जवळच्या शहरात हॅम क्लब असेल तर परीक्षेची वाट न बघता जाऊन बसा. मागच्या खुर्चीत बसून ऐकायला कोणी नाही म्हणत नाही, आणि थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच, “अरे, ही तार जरा धरतोस का?”